बिनमिठाचं अर्थिंग

नव्या खोल्यांचं लाइट फिटिंग संपलं त्या दिवशी मी आरमोरीच्या बाजाराला गेले होते. परत आले तर अंगणात, विहिरीपासून आठ-दहा पावलांवर, सिमेंटचं चौकोनी झाकण बसलेलं. हिरवा रंग दिलेला आणि त्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं, ‘अर्थिंग’. अक्षर इतकं सुंदर की लग्नाच्या मांडवावर शोभावं. मला तिथंच खटकलं. खाली काम झालेलं असतं तर वर एवढं सजवायची काय गरज होती?

सकाळी मी निघाले तेव्हा त्या जागी खड्डा नव्हता. चार तासांत खड्डा, त्यावर झाकण, झाकणाला रंग, सगळं झालं म्हणे. आमच्या अंगणात हातभर खाली नुसता मुरूम आहे. उन्हाळ्यात त्याच्यावर खणायची लोखंडी सब्बल मारली तर ठिणगी उडते. बरं, पुरुषभर खड्डा खणला म्हणावं तर मुरमाचा ढीग कुठे गेला? मी घराला फेरी मारून पाहिली. टोपलीभर मुरूम सापडला, तोही तुळशीच्या आळ्यात नीट पसरलेला.

हे सगळं मला कुठून कळतं, असं कोणी विचारेल. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण माझे मालक भद्रावतीकडे नोकरीला होते आणि आम्ही बरीच वर्षं कॉलनीत काढली. तिथल्या शेजारणीला एकदा तिच्या कूलरच्या करंटनं धरलं. बिचारी पाणी भरत होती, पाय ओले, कूलर लोखंडी. नवऱ्यानं लाकडी पाट मारून सोडवली म्हणून वाचली. त्यानंतर दर उन्हाळ्याच्या तोंडावर मी कॉलनीतल्या म्हाताऱ्या वायरमनला घरी बोलवायची. तो एक साधा बल्ब आणायचा, होल्डरला दोन वायरी जोडलेला. एक वायर लाइटच्या चालू वायरीला, दुसरी अर्थिंगच्या वायरीला. बल्ब भकभक पेटला की म्हणायचा, जमीन करंट पिऊन राह्यली, आता चिंता नाई. मंद लागला तर मीठ विरून गेलं म्हणायचा आणि खड्डा उकरायला लावायचा. खाली तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा, मग खडामीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. मी शेजारी उभी राहून बघायची.

आणि आता माझी सून पोटुशी होती, सातवा महिना. नव्या खोल्या तिच्यासाठीच. मे महिन्यात आमच्याकडे कूलरशिवाय माणूस राहू शकत नाही, आणि कूलर तिच्या पलंगाच्या उशालाच लागणार होता. पाणी तीच भरणार होती.

तर मिठाचा विचार माझ्या डोक्यातून जाईना. गावात दुकान एकच. संध्याकाळी मी दुकानवालीला सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाई, आमच्या फिटिंगवाल्यानं मीठ किती नेलं?”

“मीठ? पंधरा दिवसांपासून गोणीचं तोंडसुदिक नाई उघडलं. काऊन, लोणचं घालून राह्यल्या का?”

“घालीन म्हणते,” मी म्हटलं आणि घरी आले.

फिटिंगवाला आमच्याच गावचा, मला मावशी म्हणणारा, हाताचा सफाईदार. बोर्ड असे सरळ लावलेले की ओळंबा धरून बघावं. पण मला आता त्याच्या प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसायला लागलं. चहा घेताना तो माझ्याकडे बघत नाही, असंही वाटलं. खरं तर तो आधीही बघत नसेल.

त्यात तो कागद. मीटर मिळायला लायसनवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मुलगा गडचिरोलीला बसनं नोकरीला जातो, येताना तो कागद घेऊन आला होता. मी चष्मा लावून वाचला. वायरिंग ठीक, अर्थिंग ठीक, खाली सही आणि शिक्का. तारीख झाकणाच्या चार दिवस आधीची. हा सही करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, त्यानं माझं घर पाहिलेलं नाही. तरी माझ्या घराबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त खात्री होती.

दोन दिवसांनी वीज ऑफिसातले साहेब पाहणीला आले. मुलानं सुट्टी घेतली होती, फिटिंगवालाही हजर. साहेबांनी बटणं मोजली, झाकण बघितलं, मान हलवली. मी चहाचा ट्रे घेऊन आले आणि म्हटलं, “साहेब, झाकण उघडून पाहता का?”

“आजी, कागदावर आहे सगळं.”

“कागद खड्ड्याच्या आधीचा आहे.”

साहेब हसले. फिटिंगवाला म्हणाला, “मावशी, तुमी इन्स्पेक्टर कधी झाल्या?”

“आजच झाले. बल्ब आहे का तुझ्या पिशवीत? मंग लाव.”

त्याला नाही म्हणता येईना. जुन्या घरातून वायर ओढून आणली, बल्बची एक वायर त्या लाइटला, दुसरी नव्या बोर्डातल्या अर्थिंगच्या हिरव्या वायरीला. बल्ब लागला नाही. आतली तार लालसुद्धा झाली नाही. त्यानं वायर काढून परत लावली. काहीच नाही.

तेव्हा फिटिंगवाल्यानं माझ्याकडे नाही, माझ्या मुलाकडे बघितलं.

ती नजर मी ओळखली. दोन दिवस मी चुकीच्या माणसावर डोळा ठेवून बसले होते.

“आई,” मुलगा खाली बघत म्हणाला, “मीठ नको टाकू असं मीच म्हणलो होतो. विहीर जवळ आहे. पाणी खारं झालं असतं त तूच घर डोक्यावर घेतलं असतं.”

खोटं नव्हतं ते. मी घेतलंच असतं.

“आणि खड्डा?” मी फिटिंगवाल्याला विचारलं.

“मीठच नाई, त मंग खोल कायले खणू, मावशी? मुरमानं हात फुटते. हातभर खणला, सळाख ठोकली, वायर गुंडाळली.”

“अन् झाकण?”

“झाकण त लागतेच ना. साहेब पाह्यते.”

साहेबांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

सून दारात उभी होती, एक हात पोटावर. मुलानं तिच्याकडे बघितलं आणि सब्बल आणायला गेला.

नवा खड्डा न्हाणीच्या मागे घेतला, विहिरीच्या उलट्या बाजूला, जिथं सांडपाण्यानं जमीन बारा महिने ओली असते. मी खुर्ची टाकून बसले. फिटिंगवाला छातीपर्यंत आत उतरेस्तोवर उठले नाही. दुकानवालीच्या गोणीचं तोंड शेवटी उघडलं. तळाला तांब्याचा पत्रा, मग कोळसा, मीठ, कोळसा, मीठ, वरून चार बादल्या पाणी. मग बल्ब लावला तर असा लागला की डोळे मिटावे लागले.

साहेब पुन्हा आले, गाडीवरूनच म्हणाले, “झालं ना आजी समाधान?”

“आता कागद नवा करा, आजच्या तारखेचा.”

“कशाला? त्यात जे लिहिलं होतं तेच आता झालं आहे.”

तोच कागद फाइलीत गेला आणि मीटर बसलं. दुसऱ्या कोणाच्या घराचा कागद असाच आधी गेला असेल आणि खड्डा मागून आलाच नसेल, हे कुणाला कळणार?

नात पावसाळ्यात झाली. आता ती रांगते, कूलरच्या जाळीला धरून उभी राहते. म्हणून पाणी भरायच्या आधी मी पंज्याची मागची बाजू कूलरला टेकवते. तळहात लावला तर करंट मूठ आवळून धरतो, मागची बाजू लावली तर हात झटकून निघतो.

मुलगा हसतो. “आई, बल्ब लागला होता ना?”

“लागला होता,” मी म्हणते, “त्या दिवशी.” मग सुनेला बादली देते.