काकांचं ‘हो’

काकूंचा फोन आला तेव्हा मी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या आमच्या ऑफिसात, सर्व्हरच्या खोलीत होते. तिथं पंख्यांचा आवाज एवढा असतो की फोन कानाला दाबून धरावा लागतो. काकू म्हणाल्या, ‘संपलं गं त्यांचं हो-हो.’ मला ऐकू आलं होतं, तरी मी ‘काय?’ म्हणून विचारलं. मग त्या जरा मोठ्यानं, शेजारी निरोप द्यावा तशा म्हणाल्या, ‘तुझे काका गेले. ये.’

चिंतामणकाका माझे नात्यानं कोणी नव्हते. जयेंद्रगंजात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं मिळत होती आणि माझे वडील मला आमच्या डबरा गावाहून पत्र्याच्या पेटीसकट तिथं सोडून गेले, एवढाच आमचा संबंध. त्यानंतर मला जे काही येऊ लागलं ते बहुतेक त्या घराच्या जिन्यावर आलं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आज ज्या कामावर माझं घर चालतं ते काम मला कॉलेजनं नाही, काकांनी शिकवलं. हे मी त्यांना नीट कधी सांगू शकले नाही. सांगायला गेले असते तर म्हणाले असते, ‘भाषण नको. टाइप कर.’

पण शेवटचं वर्षभर ते तसंही म्हणू शकत नव्हते. लकवा आला, उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर भाषा गेली. सगळ्या भाषेतला एकच शब्द तोंडात राहिला… हो. भूक लागली तरी हो, ताट लोटायचं असलं तरी हो, उशी टोचते तरी हो. डॉक्टर म्हणाले होते, ‘समझते सब हैं, बस बोल नहीं पाएंगे.’ ‘बस’ म्हणाले होते.

बोलत होते तेव्हा त्यांची जीभ सुरीसारखी होती. मी पहिल्या वर्षाला होते. विंडोजशिवाय दुसरं काही असतं हे मला माहीत नव्हतं. वडिलांनी घेऊन दिलेला जुना लॅपटॉप बंद पडला म्हणून भीत भीत खाली घेऊन गेले, तर काकांनी तो सुरू करून दिला, आणि एक हार्ड डिस्क हातात ठेवून म्हणाले, ‘ह्याच्यात लिनक्सचे धडे आहेत, वाच.’ वर जाऊन मी डिस्क जोडली. स्क्रीनवर चौकट आली, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मी जिन्यावरूनच ओरडले, ‘काका, डिस्क रिकामी आहे! फॉरमॅट करू का?’ खालून इतका मोठा आवाज आला की काकूंच्या हातातलं पातेलं पडलं. ‘हात लावू नकोस! हात वर कर! दोन्ही!’ मी खरंच दोन्ही हात वर करून उभी राहिले. ते धापा टाकत वर आले आणि म्हणाले, ‘रिकामी आहे कुणी सांगितलं?’

‘कॉम्प्युटरनं.’

‘त्याला वाचता येत नाही, म्हणून ती रिकामी? आमच्या आजोबांनी जन्मभर दरबारात मोडी लिहिली. तुला मोडी वाचता येते?’

‘नाही.’

‘मग तो कागद कोरा झाला का? तू त्याच्यावर भाजी निवडणार का?’

असं ते शिकवायचे. डिस्क कशी मांडलेली असते ते प्रत्येक सिस्टिमचं वेगळं, लिनक्सनं मांडलेली डिस्क विंडोजला कळत नाही, आणि न कळणाऱ्याला ती बिघडलेली वाटते… हे पुस्तकात दोन पानं असतं. मला ते दोन्ही हात वर असताना समजलं, म्हणून अजून लक्षात आहे. विंडोजला ते जावई म्हणायचे. ‘दहा वेळा विचारतो, बसू का, घेऊ का, आणि शेवटी स्वतःला हवं तेच करतो. लिनक्स विचारत नाही. हुकूम दिलास, तामील झाली. म्हणून आधी स्वतःला विचार.’ विंडोजमध्ये डिस्क लावली की आपोआप दिसते, लिनक्सवर लावली आणि मला कुठंच दिसेना, तर म्हणाले, ‘पाहुणा दारात आलाय गं. आत बोलाव, पाट मांड, मग दिसेल. त्यालाच माउंट म्हणतात.’ सुरू होताना कोणती डिस्क कुठं बसवायची ती यादी ज्या फाइलीत असते, तिच्यात मी एक अक्षर चुकवलं आणि त्यांचं मशीनच सुरू होईना. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं पाहून मला रडू आलं. त्यांनी कीबोर्डला बोट लावलं नाही. खुर्ची ओढून मागं बसले आणि म्हणाले, ‘रडून झालं की वाच. काय लिहिलंय? मोठ्यानं वाच. आता मराठीत सांग.’ काकू जेवायला बोलवत राहिल्या. मी चूक शोधली तेव्हा वरणभात गार झाला होता. शाबासकी नाही. म्हणाले, ‘डबऱ्याची पॅसेंजर… पोहोचते, पण प्रत्येक स्टेशनावर थांबून.’

त्या मशीनला दोन डिस्क जोडलेल्या असत. एक थोरली, एक धाकटी. थोरलीत त्यांचं खरं काम होतं आणि धाकटीत त्याचीच प्रत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते शहराच्या लष्कर-मुरार भागांतल्या मराठी घरांत जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करत होते. आमचं ग्वाल्हेरचं मराठी, जे मराठीत सुरू होतं, मध्येच हिंदीत वळतं आणि परत येऊन बसतं. पुण्याची माणसं ज्याला हसतात ते. ‘ही माणसं गेली की हे मराठी गेलं,’ म्हणायचे. ‘मुलं तर आत्ताच हिंदीत शिंकतात.’ काही घरी मीही त्यांच्याबरोबर गेले. मुरारचे एक रिटायर्ड सुभेदार होते, ते बायकोला चहा सांगतानासुद्धा तीन भाषांतून शिव्या देत आणि ती चौथ्या भाषेतून परत करी. एक आजी होत्या, त्या सासरी पहिल्या दिवशी ‘मला भूक लागून राहिली’ म्हणाल्या म्हणून घरचे त्यांना जन्मभर हसले, आणि ते सांगताना अजून रागानं थरथरत होत्या. काका कुणालाही रेकॉर्डिंगमध्ये नाव विचारत नसत. ‘नाव विचारलं की माणूस सावरून बसतो, छापील बोलायला लागतो. नाव मी फाइलीला देईन.’ तसं ते देत. नाव, गल्ली, माहेर, सगळं फाइलीच्या नावात. बहुतेक माणसं मी यायच्या आधीच रेकॉर्ड झाली होती, आणि त्यातली बरीच तोवर गेलीही होती.

लकव्यानंतर काका दवाखान्यातून घरी आले आणि त्यांचा मुलगा नितीनदादा रजा काढून बंगळूरहून आला. नितीनदादा वाईट माणूस नाही. त्यानं बाबांची अंथरुणं बदलली, त्यांची दाढी केली. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या बाबांना टीव्हीवर काहीतरी दाखवावं म्हणून त्यानं टेबलावरच्या दोन डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला लावल्या. त्यांत स्वतःच्या लग्नाचे व्हिडिओ आणि जुन्या मालिका भराव्यात, एवढाच विचार. चौकट आली. लॅपटॉप पलंगाशी नेऊन त्यानं विचारलं, ‘बाबा, ये फॉरमॅट मांग रहा है. रिकामीच दिसतेय. करू ना?’

काका म्हणाले, ‘हो.’

संध्याकाळी मी ऑफिसातून तशीच त्यांच्याकडे गेले, तर काकूंनी दारातच कौतुकानं सांगितलं, ‘आज किती बोलले गं! नितीनशी. हो, हो, हो… मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. पलंगावर हात आपटून आपटून.’ आत टीव्हीवर लग्नाची वरात चालली होती. काकांचा चेहरा भिंतीकडे होता. टेबलावर दोन्ही डिस्क, तारा गुंडाळलेल्या. मी विचारलं, ‘दादा, ह्यांच्यात काही केलंस का?’

‘दोन्ही रिकाम्या होत्या. एकीत भरलंय. दुसरीलाही तेच विचारत होतं, मग तिलाही करून ठेवली.’

मी त्याला तिथंच सांगितलं, काकांच्या समोर, कारण काकांना समजतच होतं. तो उभा होता तो खाली बसला. म्हणाला, ‘पण मी विचारलं होतं. ते हो म्हणाले.’ काकू म्हणाल्या, ‘त्यांना दुसरं काही येतच नाही रे.’ खोलीत वरातीचा बँड वाजत होता आणि तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मग नितीनदादा म्हणाला, ‘जन्मात मला कशाला हो म्हणाले नव्हते. सायकलला नाही, स्कूटरला नाही, लग्नालासुद्धा आधी नाहीच. आज एवढं जोरात हो म्हणाले, तर मला आनंद झाला गं.’

हे मी लिहिणार आहे, असं गेल्या आठवड्यात त्याला कळवलं. त्यानं दोन शब्दांत उत्तर दिलं. ‘लिही. खरं लिही.’

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं नव्हे, हेही काकांनीच शिकवलं होतं. घाईच्या फॉरमॅटमध्ये नावांची पाटी पुसली जाते आणि आतलं सामान पुष्कळदा जागेवर असतं, वरून दुसरं काही भरेपर्यंत. थोरलीवर वराती आणि मालिका भरल्या होत्या, ती गेली. धाकटीवर काही भरलं नव्हतं. मी ती आणली, आधी तिची जशीच्या तशी प्रत काढली, आणि शोधायचा प्रोग्राम लावला. पहिला आवाज निघाला तेव्हा मी ऑफिसात टाळी वाजवली. आवाज निघत गेले. नावं मात्र एकाचंही निघालं नाही. फाइलींना नुसते आकडे. गावभरची म्हातारी माणसं बोलत होती, आणि मी गेले होते ती मोजकी घरं सोडली, तर कोण बोलतंय ते सांगू शकणारा जगात एकच माणूस होता.

म्हणून मी लॅपटॉप घेऊन काकांच्या उशाशी बसू लागले. पहिला आवाज लावला आणि त्यांचे डोळे असे उजळले की मला वाटलं, जमलं. ओळखलं होतं त्यांनी. तोंड त्या नावाच्या आकाराचं झालं. ओठ मिटले, श्वास घेतला… ‘हो.’ मी विचारलं, ‘मुरारच्या आहेत का?’ ‘हो.’ ‘की लष्करातल्या?’ ‘हो.’ मान हलवून सांगा म्हटलं, तर मानही होकाराचीच हलली. मोबाइल डाव्या हातात दिला, तर एकच अक्षर दाबत राहिले, क, क, क, आणि काय झालंय ते वाचून त्यांनी मोबाइल माझ्या अंगावर फेकला. तो त्यांनी फेकला याचं मला बरं वाटलं. त्यानंतर मी आवाज लावला की ते डोळे घट्ट मिटून घेत. प्रत्येक आवाज त्यांना नावानिशी भेटायचा आणि त्यांच्याच तोंडात अडकायचा. हा छळ मी शिष्याच्या निष्ठेनं कितीतरी रविवार केला. एकदा भेटायला आलेले नातेवाईक त्यांच्या देखत काकूंना म्हणाले, ‘अब इनमें बचा ही क्या है.’ काका छताकडे बघत म्हणाले, ‘हो.’ नातेवाईकांनी मान डोलावली, की बघा, पटतंय त्यांना.

काकू शेवटी त्यांच्या ‘हो’चा सूर ओळखायला शिकल्या. दोनदा हळू म्हटलं की नळीच्या पेल्यातून पाणी, लांबवलं की कूस बदलायची, तुटक म्हटलं की दिवा मालवायचा. घरात कुठंही असल्या तरी पहिल्या ‘हो’ला उठत. आम्ही सगळे शिकलेले त्या घरात यायचो-जायचो. ती भाषा फक्त त्यांना यायची.

मागच्या रविवारी मी गेले होते. पलंग काढून टाकला आहे, पण टेबल, मशीन, दोन्ही स्पीकर जागेवर आहेत. निघालेले आवाज भरून धाकटी परत आणून दिली, स्वतःच्या हातानं जोडली, पाट मांडला. सगळं नीट वाजतंय ना पाहावं म्हणून मधलीच एक फाइल लावली. कुणी तरी आजी सांगत होती, लहानपणी भावाबरोबर मेळ्यात हरवली ते. आणि तेव्हा मी ते प्रथमच लक्ष देऊन ऐकलं. आजी थांबली, की मागून एक हळू, धीराचा, ओळखीचा आवाज येई, तिनं पुढं सांगावं म्हणून. ‘हो… हो…’ पुढची फाइल लावली. तिथंही तेच. सगळ्या फाइलींत काकांचं बोलणं तेवढंच आहे. एवढ्या अनोळखी आवाजांत नाव देता येईल असा एकच आवाज, आणि त्याचा एकच शब्द.

मी आवाज थोडा वाढवला. ‘हो… हो…’

‘आले हो, आले!’ स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. पाठोपाठ माठाचं झाकण वाजलं, आणि मी बंद करायचं बटण शोधेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. हातात नळीचा पेला होता, काठोकाठ भरलेला.