बॅटरी वेगळी धरली होती

“हीटर लावता येणार नाही, सर.”

माझ्या बॉसनी, बर्वे सरांनी, मफलर कानांवर आणखी घट्ट ओढला आणि मी त्यांचा पगार कापल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. जानेवारीतली सकाळ, बाहेर धुकं, आणि आम्ही दोघं माझ्या गाडीतून पानिपतला निघालेलो.

ही गाडी पूर्वी डिझेलवर चालायची. दहा वर्षं झाल्यावर दिल्लीत तिला बंदी झाली. भंगारात देणं जिवावर आलं, म्हणून रोहिणीतल्या आमच्या घराखालच्या पार्किंगमध्येच मी तिचं इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवली. मदतीला मोटरचं किट बनवणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक होता. मान्यताप्राप्त किट, आरटीओची मंजुरी, हिरवी नंबरप्लेट, सगळं रीतसर. तेव्हापासून गुरुग्रामच्या ऑफिसला जाणं-येणं हिच्यातूनच. माझ्या नवऱ्याला, निखिलला, त्याच पैशात नव्या गाडीचं बुकिंग करायचं होतं, सनरूफवाली. मी म्हटलं, दोन वर्षं थांब. दोन वर्षांत हिचे पैसे वसूल होतील, मग घेऊ तुझी सनरूफ. तो बिचारा थांबला होता.

मोटरचा बारीक घूं आवाज येतो, म्हणून सर गाडीला ‘मिक्सर’ म्हणतात.

“यार मीनल, फुकटात फिरते म्हणून ऑफिसला रोज ऐकवतेस. फुकटात गरम हवा नाही येत?”

“डिझेल गाडीत इंजिन तापतं, तीच ऊब आत येते. मोटर तेवढी तापत नाही. इथे हीटर लावला की तो बॅटरी खाणार. मग पानिपतच्या अलीकडेच कुठेतरी थांबू.”

“बिल्कुल नको,” म्हणत सरांनी हात खिशात घातले.

त्यांची स्वतःची गाडी जुनी डिझेल. प्रदूषण वाढल्यामुळे त्या आठवड्यात तसल्या गाड्या रस्त्यावर आणायची सोय नव्हती. पानिपत म्हटल्यावर दोन टॅक्सीवाल्यांनी राइड कॅन्सल केली. उरला मिक्सर.

मी एनर्जी ऑडिटर आहे. कारखान्यात वीज कुठे वाया जाते ते शोधायचं आणि ती कशी वाचेल ते सांगायचं, हे माझं काम. पानिपतच्या बन्सलजींच्या ब्लँकेट मिलमध्ये आम्ही ड्राइव्ह बसवायला सुचवलं होतं. ड्राइव्ह म्हणजे मोटरला कामापुरतीच वीज देणारी पेटी. ही ऑर्डर मिळाली नाही, तर आमच्या छोट्या फर्मला दोन माणसं कमी करावी लागतील, असं सर म्हणाले होते. नावं सांगितली नव्हती. पण मिक्सर चालवणाऱ्या बाईला अंदाज येतो, आणि मला खरोखरच भीती वाटत होती.

मिलचं गेट दिसल्यावर सर म्हणाले, “गाडी बाहेरच लाव. आपण कन्सल्टंट आहोत, जुगाडवाले नाही.”

“सर, परतायचं तर चार्ज करावी लागेल. आतच.”

“वीज वाचवा म्हणून सांगायला आलोय, आणि त्यांच्याचकडे वीज मागायची?”

मागावी लागली. गीझरला असतो तसला मोठा प्लग मिलच्या वर्कशॉपमध्ये मिळाला. आमचं प्रेझेंटेशन बन्सलजींनी मोबाइल बघत ऐकलं. पण खाली कोणीतरी बाई गाडीला वायर लावून गेलीय, हे कळल्यावर ते लगेच उठले आणि जिना उतरून आले. मागोमाग आम्ही. सरांचा चेहरा बघवत नव्हता.

बन्सलजींनी बॉनेट उघडायला लावलं. “मैडम, घर पे बनाई? पैसा कब तक वसूल?”

आमच्या धंद्यात याला पेबॅक म्हणतात. केलेला खर्च बचतीतून भरून निघायला जो वेळ लागतो तो.

“दो साल,” मी रुबाबात म्हणाले.

“बैटरी जोड़ के?”

मी मनातल्या मनात बेरीज केली. किट एका दुकानातून घेतलं होतं, बॅटरी दुसरीकडून. बॅटरी वेगळी घेतली, म्हणून हिशोबातही ती वेगळीच राहिली होती. क्लायंटने असा हिशोब दाखवला असता, तर मी लाल पेन काढलं असतं.

“बैटरी जोड़ के पाँच,” मी म्हणाले.

“अच्छा. और मेरे ड्राइव का? आपने एक साल लिखा है.”

सर जोरात खोकले. पण एकदा खरं बोलायला लागल्यावर थांबणं मला जमेना. “केबल, पैनल, और लगाते समय मशीनें बंद रहेंगी, वो नहीं जोड़ा. जोड़ के दो साल.”

बन्सलजींनी बॉनेट खाली ओढून लावलं. मग सरांकडे वळून म्हणाले, “सब एक साल ही बोल के जाते हैं. दो वाला पहली बार सुना. काम आप ही करो.”

एवढंच नव्हे, निघताना त्यांनी सरांना एक ब्लँकेटही दिलं. सर ते पांघरूनच दिल्लीपर्यंत आले. रस्ताभर एकदाही मिक्सर म्हणाले नाहीत.

थंडीने ते इतके गारठले होते की मी त्यांना आधी आमच्याकडे चहाला नेलं. निखिलने विचारलं, “काय झालं मग?”

“अरे, मिळाली ऑर्डर!” सर ब्लँकेटमधून म्हणाले. “तुझ्या बायकोने कमाल केली. तोंडावर सांगून टाकलं, गाडीचे पैसे सुटायला पाच वर्षं लागतात. तिथेच बन्सलजी पटले.”

निखिल कपात चहा ओतत होता. “अच्छा,” तो म्हणाला, “पाच.” मग त्याने सरांना आग्रह करकरून चिवडा वाढला. माझ्यापर्यंत बशी आलीच नाही.

आता रिपोर्ट लिहिताना मी सगळे खर्च धरूनच पेबॅक लिहिते. आकडा बघून क्लायंट जरा कुरकुरतात, पण काम देतात. घरी मात्र हिशोब दुरुस्त करायला मुदत मिळाली नाही. पुढच्याच रविवारी निखिलने मला सनरूफवाल्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हला नेलं. मी मुकाट्याने शेजारी बसले. गाडीत हीटर चालू होता आणि, खरं सांगते, फार बरं वाटलं.