शेणखतात मुरलेली राख

लग्न होऊन मी शहरातल्या महाल भागातून खापा या गावी आले, त्याच वर्षी माझे सासरे शाळेतून निवृत्त झाले. जन्मभर विज्ञान शिकवलेलं, आता समोर वर्ग उरला नव्हता. मग त्यांनी गोठ्यामागचा शेणाचा ढीग हाती घेतला. त्यांचं म्हणणं असं, की कारखाने फेकून देतात ती राख शेणात मिसळली तर कस टिकतो आणि खत लवकर होतं.

वीजकेंद्राकडून गाडीभर राख आली. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे कार्बाइडपासून गॅस बनवताना टाकीत उरलेला ओला चुना नुसता पडून होता, तोही त्यांनी आणवला.

"मामाजी, जास्त नाही का होत?" मी विचारलं.

"सूनबाई, विज्ञानात अंदाज चालत नाही," असं म्हणत त्यांनी अंदाजानंच आणखी एक टोपली ओतली.

पहिले काही दिवस गोठ्याकडे गेलं की उग्र वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. मामाजी म्हणाले, क्रिया सुरू झाली. पुढं वास गेला आणि मामाजी खूश झाले. ढीग परतायला त्यांनी फावडं मारलं, तर ते खणकन वाजून उसळलं. वरचा थर दगडासारखा झाला होता.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "तुमी खत करून राहिले का घर बांधून राहिले?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मामाजी त्या दिवशी नीट जेवले नाहीत. सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, थर फोडून त्यांनी ढेपा बाजूला टाकल्या. दुसऱ्या खेपेला चुना वगळला, राख मूठमूठ घातली, ढीग वेळेवर परतला. खत काळंभोर आणि भुसभुशीत झालं. त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावलं.

पाचसहा शेतकरी आले. मामाजींनी खत ओंजळीत घेऊन सगळं समजावलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एका म्हाताऱ्यानं बाजूच्या ढेपांवर पाय आपटला.

"गुरुजी, हे काय व्हय गा?"

"ते बिघडलेलं आहे."

"आमच्या गोठ्यात चिखल होऊन राहिला. असंच बिघडवून द्या ना."

मामाजी काडी घेऊन खाली बसले आणि राख किती, चुना किती, ते मातीत आकडे मांडून सांगू लागले. त्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या बऱ्याच गोठ्यांना पक्की जमीन झाली. खत कोणी मागितलं नाही. ते आम्ही आमच्याच वांग्यांना घातलं.