काळ्या गाडीवरचं जाळं

२०१६ साल. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा. चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण गाडी अशी राखायचो की पावसपासून रत्नागिरीपर्यंत नवरदेव म्हटला की माझीच काळी गाडी. गेल्या वैशाखात बबनच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मी जे केलं ते सगळ्या वाडीने पाहिलं, अजून हसतात. पण त्याच्या मागचं — ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

बबन माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्या साली एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला होता. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात त्याने विहिरीचं पाणी काढून माझी गाडी धुतली. कोणी सांगितलं नव्हतं. आपलं प्रेमाने. दुसऱ्या दिवशी भर बाराच्या उन्हात गाडी मांडवाबाहेर उभी, आणि कोणीतरी बॉनेटवर वाकून म्हणालं, "तात्या, गाडीवर कोळ्याने जाळं विणलंय की काय?"

खरंच विणलं होतं. केसाएवढे बारीक ओरखडे, गोल गोल, सगळ्या अंगभर. काळ्या रंगाचं हेच आहे — सावलीत राजा, उन्हात सगळं उघडं. चार माणसं जमली. मी काय म्हणावं? म्हणालो, "बबनने धुतली काल. सोडणाने घासली असेल."

नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीने, आमच्याकडे काळे झालेले टोप घासतात, गाडी नाही. लोक पोट धरून हसले. माझ्या बोलण्यातलं 'असेल' जेवणाच्या पंगतीपर्यंतही टिकलं नाही.

बबनचं नाव सोडण पडलं. कुठल्याही लग्नात गेला की कोणीतरी विचारायचंच, काय सोडणशेट, टोप घासायला थांबणार ना? तो हसायचा. माझ्या गाडीजवळ मात्र पुन्हा आला नाही. मुंबईत उभी हयात ट्रक चालवलेला माणूस — वऱ्हाडाच्या टेम्पोत मागे उभा राहून यायचा. आणि मी? मी पुढे, स्टिअरिंगवर, डोक्याला फेटा. बायको एकदाच बोलली. म्हणाली, माझ्या भावाने जन्मात भांडं घासलेलं नाही, त्याला सोडण सापडलं कुठे? मी रेडिओ मोठा केला.

आता मुद्द्यावर येतो. केव्हाचा येतोच आहे, पण — ते जाळं बबनच्या आधीचं होतं. आणि मला ते ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात गणेशगुळ्याच्या चढावर उन्हात मीच पाहिलं होतं. त्या दिवसापासून गाडी फणसाच्या सावलीतच लावत होतो. जाळं माझ्या हाताचं. रोज सकाळी, पाणी न मारता, जुन्या लुगड्याच्या फडक्याने मी गाडी कोरडी पुसायचो. गोल गोल. दाबून. आमच्याकडचा जांभ्याचा तांबडा धुरळा नजरेला पीठ वाटतो, रंगाला पॉलिशपेपर. आणि मीच सांगत फिरायचो की या गाडीला दुसऱ्याचा हात लागत नाही. मग दुसरा कोण असणार?

गेल्या वैशाखात बबनच्या मुलीचं, सुगंधाचं लग्न ठरलं. संध्याकाळचा मुहूर्त, नवऱ्याकडे, केळशीला. बबनने निरोप पाठवला — गाडी तेवढी द्या, चालवा तुम्हीच, मी टेम्पोत आहे. स्वतःच्या मुलीच्या लग्नाला टेम्पोत. गाडीजवळ उभा राहिला की कोणीतरी सोडण म्हणणार आणि ते व्याह्यांच्या कानावर जाणार, ही त्याला धास्ती.

मी काय केलं? गाडी चमकवायला घेतली. ओळखीच्या गॅरेजमधून पॉलिशचं मशीन आणलं. गॅरेजवाला शिकवायला लागला, मी म्हटलं मला येतं. येत नव्हतं. चालू केलं तर पांढरा मसाला भिंतीवर, कोंबडीवर, माझ्या मिशीवर. बायको पडवीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग जमलं. आधी भरपूर पाणी आणि शॅम्पू. मग हातभर जागा धरायची, मशीन आडवं फिरवायचं, उभं फिरवायचं, घाई नाही, कडेला हात हलका. पुसायचं, बॅटरी मारून बघायचं. अहो — जाळं विरघळत गेलं. खालून असा काळा निघाला की त्यात फणसाची पानं मोजावीत. मी गाणं म्हणत होतो म्हणे.

मागच्या डाव्या दारावर आलो आणि हात थांबला. वीतभर जागा राहिली होती. ती झाली की जाळं संपलं. पण जाळं संपलं की बबनच्या बाजूने बोलणारं काय उरलं? मी मशीन बंद केलं. बायकोने विचारलं, तेवढंच का ठेवलंत? म्हटलं, दमलो. तेही खोटंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बबनच्या खळ्यात नेऊन मुद्दाम उन्हात लावली. वऱ्हाड जमलं होतं. मी माडाखालचं एक सोडण उचललं आणि त्या ठेवलेल्या जाळ्याच्या शेजारी, आरशासारख्या दारावर, करकरून घासलं. बायका ओरडल्या. कोणीतरी माझं मनगट धरलं. दारावर सरळ, खोल, पांढरे ओरखडे उठले. शेजारच्या बारीक गोल जाळ्याशी त्यांचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं.

"हे सोडणाचं," मी म्हणालो. "आणि हे जाळं माझ्या फडक्याचं. बबनने गाडी नुसती धुतली होती."

सगळे हसले. कोणी म्हणालं, तात्याची चूक झाली, होतं असं. चूक — तो शब्द मी खोडला नाही. एवढं दार घासलं, पण मला आधीपासून ठाऊक होतं एवढं सांगायला तोंड उघडलं नाही.

किल्ली बबनच्या हातात दिली. त्याने किल्लीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. म्हणाला, "भावजी, आता तुमचं नाव काय ठेवायचं?" आणि खांद्यावरचा टॉवेल काढून बॉनेटवरचा तांबडा धुरळा पुसायला वाकला.

"थांब," मी म्हटलं, "आधी पाणी."

आणि बादली घेऊन विहिरीवर गेलो.