रुखवतातले काटे

आमच्या व्याह्यांसारखा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, आणि नाही तेच बरं आहे. दुसरा असता तर माझं काळीज कधीच बंद पडलं असतं. या एका माणसाने मला इतके धक्के दिले आहेत की आता घरात साप निघाला तरी मी आधी विचारीन, व्याह्यांनी तर पाठवला नाही ना? मी चौथी शिकलेला. मखमलाबादच्या अंगाला बापाच्या मळ्यात मेथी-कोथिंबीर काढायची आणि पहाटे बाजारात न्यायची, यात माझा जन्म गेला. झाडांशी माझं नातं सरळ आहे. जे खायला देतं, विकायला देतं, नाहीतर देवाला चालतं, ते झाड. बाकी सगळं गवत. आणि ज्याला काटे आहेत, मोडलं की पांढरा चीक येतो, त्याची जागा बांधावर, गुरं आत शिरू नयेत म्हणून. लहानपणी शेराच्या कुंपणाजवळ नुसतं उभं राहिलं तरी आई पाठीत धपाटा घालायची, "डोळ्यात चीक गेला तर आंधळा होशील, मुडद्या!" आणि आमचे व्याही म्हणजे या शेराचे, निवडुंगाचे आणि त्यांच्या देशोदेशीच्या भाऊबंदांचे पोटच्या पोरासारखे लाड करणारे गृहस्थ. ते त्या सगळ्यांना मिळून युफोर्बिया म्हणतात. म्हणताना त्यांचा आवाज असा मऊ होतो, की त्यांच्या बायकोला तो आवाज जन्मात ऐकायला मिळाला नसेल.

पहिला धक्का सोयरीक व्हायच्या आधीचा. साल शहाण्णव-सत्त्याण्णव असेल. व्याही तेव्हा इगतपुरीला रेल्वेत होते. मुलाकडचं घर बघायला म्हणून आले. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, पोहे केलेले. पोरगा बाजारातून यायचा होता. व्याह्यांनी एक घास खाल्ला, छताकडे बघितलं आणि विचारलं, "गच्चीला जिना आहे का?" मला वाटलं, घर पक्कं आहे का बघतायत. वर गेले. भर उन्हात मधोमध उभे राहिले आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

"ऊन दिवसभर असतं?"

"असतं की."

"शेजारच्या घराची सावली?"

"नाही पडत."

"पाणी साचतं?"

"उतार आहे. निघून जातं."

"मग आमच्याकडून पसंत," असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. अहो, पोरगा अजून घरी यायचा होता! त्याला दोन डोळे आहेत की एक, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी खाली येऊन हिला सांगितलं तर ही पदर तोंडात धरून हसत बसली.

पुढे सुनेकडून कळलं, की या माणसाचं सगळं दुःख इगतपुरीच्या पावसात होतं. तिथला पाऊस आषाढात सुरू झाला की माणसालाही बुरशी येते, तिथे ही कोरड्या मुलखातली झाडं काय जगणार? म्हणून रेल्वेच्या क्वार्टरमध्ये पावसाळाभर पलंग झाडांचा आणि जमीन माणसांची. सून पलंगाखाली झोपून मोठी झाली. कुंडीतला एखादा थेंब नाकावर पडला की उठून बापाला सांगायचं, "अण्णा, पाणी जास्त झालंय." यांच्याकडे मोसंब्याएवढा एक हिरवा गोळा होता. पान नाही, फांदी नाही, काटाही नाही, नुसता चेंडू. व्याही त्याला दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून पुसायचे. त्या जातीत म्हणे नर वेगळा आणि मादी वेगळी. यांचा नर, आणि त्याला मादी मिळेना. त्यामुळे ते पोरीसाठी स्थळ बघायला जिथे जात, तिथल्या नर्सरीत गोळ्यासाठीही बघून येत. पुण्याला एक स्थळ त्यांनी नुसतं एवढ्यासाठी लांबवलं, की तिथे एक गोळा फुलावर यायचा होता आणि नर निघतो की मादी ते कळायचं होतं. तो नर निघाला. स्थळही मोडलं. म्हणून पोरगी आमच्या घरी आली.

आता लग्नातला धक्का. रुखवत म्हणजे काय असतं, सगळ्यांना ठाऊक आहे. स्टीलची भांडी, करंज्यांची उतरंड, साखरेचं देऊळ, क्रोशाचं तोरण. मांडवात आमच्या बायका रुखवत बघायला म्हणून मोठ्या थाटात उठल्या आणि टेबलापाशी जाऊन दगड झाल्या. टेबलभर मातीच्या कुंड्या, आणि कुंड्यांत हाताच्या बोटाएवढे काटे. सिन्नरची माझी चुलती तोंडावर हात मारून ओरडली, "अगं बया! पोरीच्या संसारात बापानंच काटे पेरले गं!"

व्याही धावत आले. "काकू, काट्यांकडे काय बघता, फुलं बघा ना! केवढी फुलं!"

फुलं होती खरी. गुलाबी, पिवळी, लाल, गुच्छच्या गुच्छ. चुलती जरा वाकली आणि म्हणाली, "फुलं मातर चांगली हायत."

तिथेच गप्प बसावं की नाही? नाही. "ती फुलं नाहीत," व्याही म्हणाले, "ती पानं आहेत, रंगलेली. खरं फूल मध्ये, डाळीच्या दाण्याएवढं."

"म्हंजी फुलंबी खोटी!" चुलतीने जाहीर केलं. मग कुजबुज, मग मानपानाची भाषा, मग आमच्याकडचे दोघे-तिघे चपला शोधायला लागले. मी भडकलो होतो. तेवढ्यात ही पुढे झाली. एक गुलाबी कुंडी उचलून कडेवर घेतली, तान्हं पोर घ्यावं तशी, आणि म्हणाली, "पोरगी घरात घ्यायची आणि तिच्या माहेरचं झाड बाहेर ठेवायचं, आसं कुठं आसतं का? चला, पंगत बसवा." हिच्यापुढे कुणाचं कधी चाललं नाही. माझं तर नाहीच. बाकीच्या कुंड्या व्याह्यांनी इतक्या आनंदाने परत नेल्या, की मला संशय आला, द्यायच्या मुळात नव्हत्याच.

ते झाड हिने अंगणात तुळशीच्या शेजारी ठेवलं. गल्ली हादरली. चिकाचं आणि काट्याचं झाड दारात असलं की घरात भांडणं लागतात म्हणतात. लागली ना! पण ती हिच्यात आणि व्याह्यांत. निवृत्त झाल्यावर व्याह्यांनी नाशिकला जेलरोडला घर घेतलं, नुसत्या कोरड्या गच्चीसाठी, आणि दर आठवड्याला लेकीला भेटायच्या नावाखाली झाडाला भेटायला यायला लागले. ही पदर डोक्यावर घेऊन दारातच भांडायची. "ईवाईबुवा, आवो तहानलंय ते, बघा कसं दिसतंय. पाणी नको म्हंता, माणसं हायत का कोण?"

"विहीणबाई, हे तहानेनं मरत नाही. मायेनं मरतं."

"मग माया करायची नाय का?"

"करा की. पण आधी मातीत बोट घालून बघा. ओल लागली तर तांब्या परत न्यायचा. हीच माया."

ही शिकली. सासऱ्याचं, नवऱ्याचं जन्मात ऐकलं नाही, पण व्याह्यांचं ऐकलं. झाड बारा महिने फुलायला लागलं. गल्लीतल्या बायका फांदी मागायला यायच्या. पलीकडची शिंपीण तर दर संक्रांतीला वाण घेताना मागायची. ही ठाम. "कापायची नाय. लेकराला कापतं का कुणी?" व्याही डोकं धरून बसायचे, "अहो, छाटलं की भरतं ते!" पण इथे तिने त्यांचंही ऐकलं नाही. झाड उंच, वेडंवाकडं, ओटीच्या छपरापर्यंत गेलं.

नातवाच्या बारशाला हे गृहस्थ काळा गॉगल लावून आले. भर बारशात, घरात, पाळण्यापाशी. चुलती म्हणाली, "आजा शिनेमात गेला जनू." गॉगल काढला तर डोळा टोमॅटोसारखा. छाटताना चीक उडाला होता. माझ्या आईचा धपाटा मला तेव्हा आठवला. मी म्हटलं, "व्याही, आता तरी सोडा हा नाद." ते एका डोळ्याने माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याची चूक नव्हती. मीच न सांगता कापलं त्याला."

मग ही गेली. चैत्रात. दोन दिवस ताप आला आणि गेली, एवढंच. त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही. दशक्रियेला आम्ही गंगेवर होतो. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. मी पिंडाजवळ बसलेला, कावळा शिवेना, सगळे हात जोडून उभे. मी मान वळवली तर आमचे व्याही नदीच्या कडेला उकिडवे बसून भरड वाळू रुमालात भरतायत. कुंडीत पाणी साचू नये म्हणून ते तसली वाळू घालतात. मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी? तिथे? मी पिंड सोडून उठायला लागलो. पोराने माझा दंड धरून ठेवला.

भरल्या घरात एकटा झालो. रोज सकाळी हिच्या तांब्याने तुळशीला पाणी घालायचो आणि मग झाडाला. ही असताना मला पाणी घालू द्यायची नाही. आता कोण अडवणार? मला वाटायचं, तुळशीला घालतो आणि हिच्या लेकराला उपाशी ठेवतो का? पुढे पाऊस लागला तरी घालत राहिलो. श्रावणात पानं पिवळी पडली. मी आणखी घातलं.

व्याही आले. खोडाला अंगठा लावला. अंगठा आत गेला, नासक्या काकडीत जावा तसा. मग हाक मारली, "बाळ, विळी नको, सुरी आण." सुनेने आणली. आणि मी बघता बघता त्यांनी हिचं झाड वरून कापायला सुरुवात केली. पांढरा चीक टपटप अंगणात. एक फांदी, दुसरी फांदी. ज्या झाडाला ती लेकरू म्हणायची!

"काय करताय!" मी ओरडलो.

"खाली सगळं गेलंय. वरचं वाचेल."

"मला नाही वाचवायचं! ठेवा ती सुरी!"

"आता थांबलो तर काहीच राहणार नाही, व्याही."

"चालते व्हा माझ्या घरातून," मी म्हटलं. व्याह्याला म्हटलं हे. लेक दिलेल्या माणसाला. सून रडायला लागली. त्यांनी राहिलेली फांदी कापली, सगळे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि निघाले. बाहेर धो धो पाऊस. छत्री त्यांनी पुडक्यावर धरली आणि स्वतः भिजत, अनवाणी गेले. चपला दारातच राहिल्या.

मग आमचं बोलणं बंद. सून माहेरून यायची आणि मी विचारलं नसताना भिंतीकडे बघून सांगायची, "अण्णांनी तुकडे सावलीत ठेवलेत. चीक वाहायचा थांबला, वर पापुद्रा धरला, की मगच मातीत. ओलं लावलं की परत कुजतं म्हणाले." मी म्हणायचो, "मला काय करायचंय?" आणि मग दुसऱ्या दिवशी तिचं भिंतीशी काही बोलणं होतंय का, त्याची वाट बघायचो.

वर्षश्राद्धाला व्याह्यांना बोलावणं भागच होतं. ते रिक्षातून उतरले तर पायांत, मांडीवर, ड्रायव्हरच्या शेजारीही कुंड्या. ओटीवर ओळीने मांडल्या. प्रत्येकीत एक एक वीतभर झाड आणि वर तोच गुलाबी गुच्छ. हिचाच. मी ओळखला. जेवून निघालेल्या बायकांपुढे ते हात जोडून उभे राहिले. "एकेक न्या. विहीणबाईंकडून."

चुलती हबकलीच. "आरं देवा! शराद्धाच्या घरून कुणी काय नेतं का? आन् त्येबी काटं!"

एकीचाही हात पुढे येईना. मला पुन्हा तो लग्नाचा मांडव दिसायला लागला. फक्त आता कुंडी कडेवर घ्यायला ती नव्हती. तेवढ्यात शिंपीण पुढे आली. "किती संक्रांती मागितली मी," असं म्हणाली, कुंडी उचलली आणि डोळ्याला पदर लावून चालायला लागली. मग दुसरी. मग तिसरी. शेवटी चुलती. तिने आधी इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "याला पाणी किती घालायचं रं?"

एक कुंडी राहिली. व्याही माझ्यापुढे ती ठेवून म्हणाले, "ही तुमची. वाळू त्या दिवशीची आहे, गंगेवरची. हात सवयीनं गेला होता हो. नंतर मात्र दुसऱ्या कुठल्या झाडाला घालवेना."

मी कुंडी जवळ ओढली. मग म्हटलं, "तुमच्या चपला कोपऱ्यात आहेत. सूनबाई पुसून ठेवते. घालून जा."

ते घालून गेले.

आता व्याह्यांचे गुडघे गच्ची चढू देत नाहीत. खाली खुर्चीत बसून वर बायकोला ओरडून सांगतात, कुठली कुंडी किती फिरवायची. तो हिरवा गोळा अजून बिनलग्नाचाच आहे. मी महिन्यातून एकदा जातो, आम्ही दोघे म्हातारे त्याच्यासमोर चहा पितो आणि गल्लीतल्या कोणाच्या दारात किती फुललंय ते मी सांगतो. चुकून फूल म्हणालो की ते अजूनही सांगतात, "पान. पान ते." माझ्या दारातलं आता गुडघ्याएवढं झालंय. सकाळी हिचा तांब्या भरतो, तुळशीला घालतो, आणि उरलेलं पाणी घेऊन त्या कुंडीपाशी उकिडवा बसतो. वाळूत बोट घालतो. बहुतेक दिवशी ओल लागते. मग थोडा वेळ तसाच बसतो, आणि तांब्या घरात परत नेतो.