राक्षसांच्या खेळात भातशेती

माझ्या मुलीचं लग्न एका खेळावरून मोडायला आलं होतं. टीव्हीला जोडून खेळायचा तो खेळ. त्यात तलवारी, राक्षस, गढ्या, आग ओकणारे सरडे. त्याचे नवे नवे भाग निघत असतात. त्याच कंपनीची दुसरी एक मालिका आहे, पहिलीची बहीणच म्हणा. तिच्यात माणूस शेत नांगरतो, मासे गरवतो, जेवण रांधतो, गावातल्याच कुणाशी तरी लग्न करतो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं अडलंही नव्हतं.

मुलगी ओरोसला कचेरीत नोकरीला. मुलगा वेंगुर्ल्याचा, घरचा काजूचा कारखाना. बघण्याच्या दिवशी आमच्या तारकर्लीच्या घरी दोघांना मागच्या पडवीत बोलायला पाठवलं. दोघंही तोच खेळ खेळतात असं निघालं आणि आतून हसू ऐकू आलं. त्याची आई मला म्हणाली, "जमला गो बाय!" तेवढ्यात भांडण सुरू झालं.

"नव्या भागात शेती आणायलाच हवी," तो सांगत होता. "बहिणीकडचं चांगलं ते घ्यायला काय हरकत आहे? राक्षस मारून झाल्यावर माणसाने जायचं कुठे?"

"दुसऱ्या राक्षसाकडे," मुलगी म्हणाली. "दिवसभर मी लोकांच्या सातबाऱ्यात डोकं घालते. पावसात आई लावणीला वाकवते. संध्याकाळी तलवार हातात घेतली, तर तिथेही भातच लावू?"

दोघं तावातावाने बाहेर आली. मुलगा तिला आवडला होता, हे तिच्या चिडण्यावरूनच मला कळलं. पण माघार घेणं तिच्या स्वभावात नाही. ते माझ्याकडूनच आलंय.

मग मोठी माणसं मदतीला धावली, म्हणजे प्रकरण आणखी बिघडलं. आमचे यजमान दशावताराचे भक्त. ते म्हणाले, "दशावतारात ट्रिकसीनचो धूर इलो, तेव्हाच सगळा बिघाडला. लोक नाटक बघूक येतत की धूर?"

"पण धूर इल्यापासून गर्दी केवढी वाढली!" मुलाचे वडील म्हणाले.

अर्धा तास दोघे धुरावर भांडले. माझे थोरले दीर देवळातले मानकरी. त्यांना खेळ अजिबात समजला नव्हता, त्यामुळे निर्णय त्यांनीच घेतला. "कौल लावया," ते म्हणाले. आमच्याकडे विहीर, होडी, सोयरीक सगळं देवाला विचारूनच होतं. कुणाला नवल वाटलं नाही. सगळे उठून देवळात गेलो.

गुरवाने देवाला ओल्या कळ्या चिकटवल्या. दिरांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा! ह्या चेडवाचा नि ह्या झिलाचा एका गोष्टीवरून जमणा नाय. राकस मारूच्या खेळात भयणीच्या खेळातली शेती आणूक होयी, तर उजवो कौल दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. मीसुद्धा. ओरडून झाल्यावर लक्षात आलं की लग्नाचं विचारायचं राहिलंच.

उजवी कळी पडली.

मुलाची आई खूश. होणारी सून देवासमोर हरली, याहून चांगली सुरुवात कुठली? मुलीने हात जोडले आणि त्याच्याकडे वळली. "आणा शेती. पण ती करायची कुणी, ते देवाला कुणी विचारलेलं नाही."

"मी करीन," तो म्हणाला. "तू राक्षस मार. मी रांधून ठेवतो."

"आणि खऱ्या घरात?"

त्याने एकदा आईकडे बघितलं. "खऱ्या घरातही."

"गुरवानु, परत एकदा लावा कौल," त्याची आई म्हणाली.

"लावतंय. गाऱ्हाणा काय घालूचा?" गुरवाने विचारलं.

आपला मुलगा चुलीपाशी जाऊ नये, हे चारचौघांत मोठ्याने म्हणायची वेळ आली, तेव्हा ती माउली पदर सावरून प्रदक्षिणेला लागली.

बोलण्यावर माझा फारसा विश्वास नाही. आमच्या घरी पर्यटकांसाठी खोल्या आहेत. मी म्हटलं, "रविवारी खोल्या भरलेल्या आहेत. सकाळी याला पाठवा, घावणे घालू दे."

तो आला. पहिले घावणे तव्याला चिकटले, ते कुत्र्याला गेले. पुढे तवा तापला, एक जाळीदार घावणा अख्खा सुटून आला. मुलीने तो उभ्याउभ्याच खाल्ला आणि म्हणाली, "आई, त्यांच्या घरी होकार कळव. आणि ह्याला म्हणावं, पीठ जरा पातळ कर."