राबाचा फोटो

माझ्या पदराने पेट घेतला, तेव्हा फोटो काढायला आलेला तो अनोळखी पोरगा डोळ्याला कॅमेरा लावून समोरच उभा होता. भाताच्या रोपांसाठी आम्ही टोकावड्याला राब भाजत होतो, म्हणजे पालापाचोळा आणि शेण टाकून जमीन जाळत होतो. त्याच्या फोटोस्पर्धेचा या महिन्याचा विषय होता ‘आग’. प्रत्येक फोटोआधी तो विचारायचा, “मावशी, काढू ना?” मी वैतागले होते.

या वेळी त्याने विचारलं नाही. कॅमेरा टाकून धावला आणि नुसत्या हातांनी पदर विझवला.

“तुझा कॅमेरा जळतो रे, नाय दिसत?” मी म्हटलं.

“असू दे मावशी. पुढच्या महिन्यात दुसरा विषय देतात.”

त्याच्या तळहातांना मी कोरफड लावली. नाव विचारायचं राहिलं.

कॅमेरा गेला. मी वाचले.